बॉलरचा सिनेमा

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या सिनेमाबद्दल बोलणार आहे, त्याचा नायक सबंध सिनेमाभर एक अक्षर बोलत नाही. त्याला ऐकूही येत नाही. म्हणजे रेडिओच्या हिशेबाने अगदीच अडचणीचा माणूस. एरवी सिनेमावर कार्यक्रम करायचा म्हटला की चार संवाद ऐकवायचे, मध्ये एक गाणं लावायचं, वेळ छान भरून निघतो. इथे नायकाचा संवाद म्हणून मी काय ऐकवू? तर आज सगळं मलाच बोलावं लागणार, आणि तुम्हाला ते डोळ्यांसमोर आणावं लागणार. सिनेमा आहे नागेश कुकुनूर यांचा 'इक्बाल'.

तो प्रदर्शित झाला ऑगस्ट 2005 मध्ये. महिनाभर आधी 26 जुलैच्या पावसाने मुंबई बुडवली होती, इकडे महाड, चिपळूणची दैना झाली होती. त्या दिवसांत कुठला सिनेमा कुठे लागला याचा पत्ता कोकणात कुणाला असणार? आमच्या वाडीत तो आला सीडीवर, पुढच्या गणपतीत. गणपतीच्या रात्री तुम्हाला ठाऊकच आहेत. आरत्या झाल्या, भजन झालं, उसळ-पाव झाला की जागरणासाठी काहीतरी लागतंच. कुणी पत्ते मांडतं, कुणी फुगडी घालतं. त्या साली एका चाकरमान्याने सीडी प्लेयर आणला होता. लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, स्टुलावर टीव्ही ठेवला, पोरं पुढे, बायका भिंतीला टेकून, आणि आम्ही क्रिकेटवाले मागे, बाकावर. क्रिकेटचा पिक्चर आहे एवढंच कळलं होतं. आम्हाला वाटलं, शेवटच्या चेंडूवर सिक्स बघायला मिळणार.

सिक्स नव्हती. नायक बॉलर होता.

हे मला तेव्हा इतकं लागलं की आजही 'तुझा आवडता खेळाचा सिनेमा कुठला' असं कुणी विचारलं तर मी दुसरं नाव घेत नाही. आपल्याकडे क्रिकेटच्या गोष्टीतला हिरो म्हणजे बॅट्समन हे जवळपास ठरलेलं. शेवटची ओव्हर, इतक्या चेंडूंत इतके रन, आणि हा मारतो. बॉलर कोण? ज्याला मार पडतो तो. त्याचं तोंडसुद्धा कधी नीट दाखवत नाहीत. आणि इथे एक शेतकऱ्याचा पोरगा, श्रेयस तळपदेने केलेला, ज्याला फक्त आणि फक्त बॉलिंग टाकायची आहे.

मी हे एवढ्या तावातावाने का बोलतोय, ते आमच्याकडचं क्रिकेट ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. भाताची कापणी झाली, झोडणी झाली, की मळे मोकळे होतात. मग चार-पाच कुणग्यांमधले, म्हणजे भाताच्या खाचरांमधले बांध त्या हंगामापुरते सारखे करायचे, धसकटं काढायची, आणि मधोमध पीच तयार करायचं. पीच म्हणजे काय, तर माती खणायची, पाणी मारायचं, आणि खळं चोपायचं ते चोपणं घेऊन संध्याकाळपर्यंत बडवत बसायचं. वरून शेणाचा हात. दुसऱ्या दिवशी ते असं टणक होतं की टेनिसचा चेंडू टप्पा पडून सरळ बॅटवर येतो. आता टेनिसचा चेंडू जेमतेम 58 ग्रॅमचा. चामड्याचा सीझन बॉल 156 ते 163 ग्रॅम, त्याला शिवण असते, एक बाजू घासून चकाकवता येते, तो हवेत वळतो, टप्प्यावर आत-बाहेर जातो. आमच्या चेंडूला यातलं काही नाही. सहा-सहा ओव्हरची मॅच, एका बाजूला दगडांचा गडगा, दुसऱ्या बाजूला माडाची बाग, आणि बाउंडरी एवढी जवळ की चुकून लागलेला फटकाही वईपलीकडे. वर माईकवर बसलेला आमचा समालोचक: "आणि ह्यो गेलो... गेलो... गेलो... माडार!" बॉलरने दांडी उडवली की हाच माणूस म्हणणार, "बॅट्समनचा दुर्दैव!"

अशा ठिकाणी बॉलर टिकतो तो दोनच गोष्टींवर. एक यॉर्कर, म्हणजे थेट बॅट्समनच्या पायाशी पडणारा चेंडू. आणि दुसरी, वारा. किनाऱ्यालगतच्या मैदानावर दुपार झाली की समुद्राकडून खारा वारा सुटतो. हलका चेंडू त्यावर थोडासा का होईना, सरकतो. कुठल्या टोकाकडून टाकायचं हे ज्याला कळलं तो अर्धी लढाई जिंकला. पण हे फक्त बॉलरला कळतं आणि विकेटकीपरला. बाकी सगळे माडाकडे बघत असतात.

म्हणून 'इक्बाल'मधला तो पोरगा एकटाच माळावर स्टंप रोवून पुन्हा पुन्हा धावत येतो, तेव्हा मला त्याची पाठसुद्धा ओळखीची वाटते. धावत यायचं, टाकायचं, मग आपणच जाऊन चेंडू आणायचा. बॅट्समनला सरावाला कुणीतरी बॉलिंग टाकणारा लागतो. बॉलरला एक दगड पुरतो, टप्प्याच्या जागी ठेवलेला.

गोष्ट थोडक्यात सांगतो, बघितला नसेल त्यांच्यासाठी. इक्बाल मूकबधिर. बाप शेतकरी, यतीन कार्येकरांनी केलेला. त्याला हे क्रिकेटचं वेड मान्य नाही. आई, म्हणजे प्रतीक्षा लोणकर, ती मात्र स्वतःच क्रिकेटवेडी. धाकटी बहीण खदिजा, श्वेता बसू प्रसाद, भावाचा आवाज म्हणजे ही चिमुरडी. ती त्याला घेऊन गुरुजींच्या अकादमीत जाते, त्याच्या वतीने भांडते. गुरुजी म्हणजे गिरीश कर्नाड. प्रवेश मिळतो, पण तिथे एका बड्या बापाच्या पोराशी खटका उडतो, चेंडू त्या पोराला लागतो आणि इक्बालची रवानगी घरी. मग त्याला गावातच सापडतो मोहित, एकेकाळचा चांगला क्रिकेटपटू आणि आता अखंड दारूत बुडालेला. नसीरुद्दीन शाह. या कामासाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि सामाजिक विषयावरच्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार सिनेमालाही. मोहित पोराला घडवतो, पोरगा आंध्रच्या संघातून रणजी खेळतो, आणि शेवटी पैशाचा मोह समोर येतो. पुढचं सांगत नाही, सीडी नसली तरी आता मोबाईलवर बघता येतो.

गोष्ट अशी सांगितली की साधीच वाटते, आणि ती साधीच आहे. गुरुजींचं पात्र तर मला जरा एकरंगीच वाटतं. कर्नाडांसारखा नट हाताशी असताना त्याला नुसतं काळं रंगवायचं म्हणजे काय! एका सामन्यावर एवढं सगळं ठरतं हेही सिनेमातच व्हायचं. पण मी जीव लावला तो गोष्टीला नाही. त्यातल्या म्हशींना.

हसू नका. इक्बालच्या घरच्या म्हशींना क्रिकेटपटूंची नावं आहेत. मोहित शिकवायला लागतो तेव्हा फील्डर आणायचे कुठून? गावात कोण रिकामं आहे? मग म्हशीच उभ्या केल्या जातात मैदानात, फील्डिंगला. रवंथ करत उभी असलेली ती काळीभोर फील्डिंग, आणि त्यांच्यामधून धावत येणारा हा पोरगा. त्या प्रसंगाला आमच्या लोट्यावर जो हशा पिकला, तो मी विसरणार नाही. कारण आमच्याकडे तर हे रोजचंच. मॅच चालू असताना कुणाची तरी म्हैस मळ्यात शिरते, मिडविकेटला येऊन उभी राहते, आणि हलायचं नाव घेत नाही. अंपायर थांबतो. मालकाचा शोध सुरू होतो. माईकवरून, "काळ्या म्हशीचो मालक कोण आसा तेनी ताबडतोब मैदानार येवचा!" सगळ्याच म्हशी काळ्या असतात, तो भाग वेगळा.

आणि त्याच वेळी, भिंतीला टेकून बसलेल्या आमच्या एका काकी, ज्यांना क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं, त्या पडद्याकडे बोट करून म्हणाल्या, "बापूस बरोबर बोलता. ह्यो बॉल टाकीत ऱ्हवलो तर म्हशी कोण बघतलो?"

यावर सगळे हसले. पण त्यानंतर मी जितक्यांदा सिनेमा बघितला, तितक्यांदा काकींचं म्हणणं मला जास्त पटत गेलं. त्या बापाला व्हिलन समजणं फार सोपं आहे. पण त्याच्या जागी उभं राहून बघा. पाऊस वेळेवर येईल की नाही, कर्ज फिटेल की नाही, आणि ज्या पोराला हाक मारली तर ऐकू येत नाही, त्याचं पुढे कसं होणार. अशा बापाने पोराला शेती नीट शिकवावी, निदान पोटापुरतं तरी त्याच्या हातात असावं, असं म्हटलं तर त्यात दुष्टपणा कुठे आला? कार्येकरांनी तो बाप आरडाओरडा करणारा केलेला नाही. धास्तावलेला केला आहे. आमच्याकडे मॅच बघायला न येणारे जे बाप असतात ते असेच. मैदानाच्या बाजूच्या पाणंदीने गवताचा भारा घेऊन जातात, एकदाही मान वळवत नाहीत, आणि रात्री जेवताना विचारतात, "किती काढलंस?"

आता मोहितबद्दल. दारुडा गुरू हा सिनेमात जुनाच प्रकार, त्यात नवल नाही. नसीरुद्दीनने वेगळं काय केलंय, तर शिकवायला लागल्यावरही तो माणूस एका रात्रीत साधू होत नाही. तिरसट तो तिरसटच. आणि एक गंमत अशी की हा शिकवणारा बोलून शिकवू शकत नाही. ओव्हर टाकून झाल्यावर कोच जे लेक्चर देतात, 'जरा पुढे टाक, अंग पडू देऊ नको, डावा हात वर', ते इथे चालणार नाही. हाताला धरून दाखवायचं, जमिनीवर रेघ मारायची, हातवारे करायचे. मला विचाराल तर बॉलिंग अशीच शिकवावी. कान ज्याला आहेत त्यालाही.

गुरूंचा विषय निघाला म्हणून थोडी वाट वाकडी करतो. रमाकांत आचरेकर सर मूळचे आपल्या मालवणचे, जन्म 1932 चा. शिवाजी पार्कला सचिन तेंडुलकर नेटमध्ये खेळत असताना सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो बॉलर त्याला आउट करील, रुपया त्याचा. कुणालाच जमलं नाही तर रुपया सचिनचा. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत, हे त्याने स्वतःच सांगितलंय, आणि आपण सगळ्यांनी ते कौतुकाने ऐकलंय. मला मात्र दर वेळी वाटतं, ज्या बॉलरांनी तो रुपया जिंकला त्यांनी त्याचं काय केलं असेल? वडापावच खाल्ला असणार. त्यांची नावं कोण विचारतो?

आणि याच्याही कितीतरी आधीची एक जोडगोष्ट आहे. पालवणकर बाळू. आडनावच सांगतं की मूळ कोकणातल्या पालवणचं. जन्म 1876 चा. चांभार समाजातला हा डावखुरा स्पिनर पुण्यात इंग्रजांच्या क्लबवर चार पैशांच्या पगारावर मैदानाची कामं करायचा आणि नेटमध्ये साहेबांना तासन्‌तास बॉलिंग टाकायचा. ग्रेग नावाचा तिथला मोठा बॅट्समन, बाळूने त्याला आउट केलं की दर वेळी आठ आणे द्यायचा, असं सांगतात. बॅट मात्र बाळूच्या हातात कुणी दिली नाही. बॅट साहेबांनी धरायची, बॉल याने टाकायचा. पुढे 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात बाळूने शंभराच्या वर बळी घेतले. एवढं होऊनही हिंदू संघाचं कप्तानपद जातीमुळे त्याला मिळालं नाही. ते मिळालं 1923 साली, त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला. विठ्ठल बॅट्समन होता!

आठ आणे आणि एक रुपया. बॉलरचा भाव एवढाच का, असं कुणी म्हणेल. असो.

तर पुन्हा इक्बालकडे. मला या सिनेमातली सगळ्यात भारी गोष्ट कुठली वाटते, ती कधी कुणी बोलताना ऐकली नाही म्हणून इथे सांगतो. क्रिकेटचा नियम असा आहे की फील्डिंग करणाऱ्या बाजूने अपील केल्याशिवाय अंपायर बॅट्समनला आउट देत नाही. पायचीत असो, बॅटची कड लागून कीपरने झेल घेतलेला असो, विचारावं लागतं. आणि विचारायचं म्हणजे कसं, तुम्हाला माहीतच आहे. आमच्याकडे तर अकराच्या अकरा जण मिळून असं ओरडतात की समुद्रातल्या होडीवाल्यानेही वळून बघावं. बॉलरची अर्धी ताकद त्या ओरडण्यात असते. अंपायर गावातलाच, बहुतेक कुणाचा तरी मामा. घशाच्या जोरावर त्याला हलवता येतं.

आता ज्याला आवाजच नाही, त्याने काय करायचं? ओरडायला त्याचे गडी आहेत, हे खरं. पण त्याचा स्वतःचा, पक्का मार्ग एकच: दांडी उडवायची. त्रिफळा. स्टंप पडला की विचारावं लागत नाही, बॅट्समन आपल्या पायाने चालू लागतो. मी जेव्हा जेव्हा सिनेमातल्या त्या उडणाऱ्या बेल्स बघतो, तेव्हा मला वाटतं की लिहिणाऱ्यांनी, म्हणजे विपुल रावल आणि कुकुनूर यांनी, मूकबधिर नायकाला बॉलरच का केलं याचं उत्तर तिथे आहे. कदाचित त्यांनी असा विचार केलाही नसेल. पण मी आमच्या गावाकडून बॉलिंग टाकलेली आहे, मला ते तसंच दिसतं. कान बंद असण्याचा एक फायदाही दिसतो: नॉन-स्ट्रायकरने कानाशी केलेली बडबड, प्रेक्षकांतून येणारे टोमणे, माईकवरचं 'गेलो गेलो', काहीच पोचत नाही. रनअपच्या टोकाला उभं राहिलं की बॉलर एरवीही एकटाच असतो.

तळपदेने हे डोळ्यांनी आणि खांद्यांनी केलंय. तेव्हा तो आपल्याला मराठी मालिकांमधून माहीत होता, हिंदीत नवाच. धावत येताना त्याची नजर एका जागेवर खिळलेली असते, चेंडू सुटला की क्षणभर तोंड उघडं राहतं. बोलणाऱ्या नटाला तोंड उघडून गप्प राहणं किती अवघड जात असेल, ते मला आज माईकसमोर बसल्यावर अधिकच कळतंय.

शेवटाकडे कपिलदेव येतात, कपिलदेव म्हणूनच. आमच्या लोट्यावर शिट्ट्या पडल्या त्या इथे. दुसऱ्या कुणाला आणलं असतं तर तो मान राहिला नसता. वेगवान बॉलर आपल्या देशात होतच नाहीत असं सगळे धरून चालले होते, त्या काळात हरयाणातून हा माणूस आला. शिबिरात जास्त पोळ्या मागितल्या, का तर मी फास्ट बॉलर आहे, आणि त्यावर 'भारतात फास्ट बॉलर असतात कुठे' असं ऐकून घेतलं, हा किस्सा त्यांनी स्वतःच सांगितलाय. पुढे त्याच माणसाने कसोटीत 434 बळी घेतले. 1983 चा वर्ल्ड कप म्हटलं की लोकांना त्यांच्या नाबाद 175 धावा आठवतात, झिम्बाब्वेविरुद्धच्या. बघा, इथेही बॅटच! सिनेमा आला तेव्हा आपल्याच राज्यातल्या श्रीरामपूरचा झहीर खान भारताची बॉलिंग सांभाळत होता, त्यामुळे गावाकडचा पोरगा फास्ट बॉलर होतो हे तेव्हा अगदीच अशक्य राहिलं नव्हतं. तरी त्यानंतरच्या हंगामात आमच्या वाडीतल्या पोरांचा रनअप एकदम लांबला. मळ्याच्या पार त्या टोकाच्या बांधावरून धावत यायला लागली. आठवडाभरात निम्म्यांच्या पोटऱ्या भरल्या. सिनेमातलं 'आशाएं' हे गाणं तर त्या मे महिन्यात प्रत्येक स्पर्धेत दोन मॅचच्या मध्ये वाजत होतं, इतकं की शेवटी बॅट्समन मंडळीच कंटाळली.

आता या कोकणातल्या क्रिकेटचं रूप बदललंय. दिव्यांच्या झोतात रात्रीच्या मॅच होतात, मोबाईलवर थेट दिसतात, मुंबईहून गाड्या करून संघ येतात, बक्षिसांच्या रकमा ऐकून आमचे डोळे फिरतात. पण स्पर्धेचं पत्रक उघडून बघा. पहिला क्रमांक, दुसरा क्रमांक, मालिकावीर, आणि त्याखाली उत्कृष्ट फलंदाज आणि उत्कृष्ट गोलंदाज. फलंदाजाला मोठी वस्तू, गोलंदाजाला टी-शर्ट नाहीतर बूट, आणि ते बूटही बहुधा त्याच्या मापाचे नसतात.

तर भात कापून झाल्यावर ज्या कुणाच्या गावी यंदा चषक भरणार आहे, त्या मंडळाच्या कारभाऱ्यांना माझ्या दोन मागण्या आहेत. फलंदाज आणि गोलंदाज, दोघांचं बक्षीस सारखं करा. आणि फायनलच्या आदल्या रात्री मैदानात पडदा लावून हा सिनेमा दाखवा, दोन-सव्वादोन तासांचं काम आहे, प्रोजेक्टर आता कुठल्याही मंडपवाल्याकडे मिळतो. ज्यांच्या म्हशी आहेत त्या काकींना पुढची खुर्ची द्या, कारण बापाची बाजू घेणारं कुणीतरी पाहिजेच. मध्येच लाईट गेली तर जनरेटरचा खर्च वर्गणीत धरा, तेवढ्यासाठी रडत बसू नका.

नमस्कार.